जमा करून घ्या जी

तलावात फेकलेली वस्तू डोमाजी निंबार्ते ज्याची त्याला घरपोच परत करतात. ओरडत नाहीत, भांडत नाहीत, ग्रामपंचायतीत तक्रार करत नाहीत. वस्तू आधी साबणाने धुतात, उन्हात वाळवतात आणि सकाळी आठच्या सुमाराला तुमच्या दारात उभे राहून दोन्ही हातांनी पुढे करतात. "जमा करून घ्या जी," म्हणतात.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात दाढीच्या क्रीमची ट्यूब होती. पिळून पिळून चपटी झालेली, शेपटाकडून तीन घड्या घातलेली. मी म्हटलं, "ही माझी कशावरून?"

"गावात येवढी कंजूस घडी दुसरं कोन घालते, डाकबाबू?"

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी ट्यूब जमा करून घेतली.

मी आमच्या गावचं टपाल सांभाळतो. गाव आंधळगावच्या अलीकडे, दोनशेच्या आसपास घरांचं. गावाच्या उशाशी मालगुजारांच्या काळातला जुना तलाव आहे, आणि तलावाच्या खाली आमची धानाची शेतं. तलावाला लागून जी विहीर आहे तिचं पाणी गावाच्या नळाला येतं. म्हणजे तलावात जे पडतं ते थोडंफार आमच्या पोटात येतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तरीही तलावातच टाकत होते. "तलाव स्वच्छ ठेवा" असा एक पत्र्याचा फलक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होता, तोही एका वादळात तलावात पडला. डोमाजींनी तो काढून, घासून, पंचायतीत नेऊन दिला. "जमा करून घ्या जी."

आमच्या गावात दारोदार जाऊन वस्तू देण्याचा अधिकार फक्त मला आहे, अशी माझी समजूत होती. डोमाजी आल्यापासून माझ्यापेक्षा त्यांचंच वाटप जास्त होऊ लागलं. लोक आता पत्रं लिहीत नाहीत, पण कचरा मात्र नेमाने टाकतात.

डोमाजी मूळचे इथलेच. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत काढली, तीही बत्तीघरात. तिथली पद्धत त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली आहे. खाली उतरणारा माणूस बत्ती घेतो आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर अडकवून जातो. वर आला की बत्ती जमा करतो, बिल्ला घेतो, घरी जातो. पाळी संपल्यावर फळीवर एखादा बिल्ला राहिला, तर त्याचा अर्थ एक माणूस अजून खाली आहे. डोमाजींनी जन्मभर हेच काम केलं, गेलेलं परत आलं की नाही ते पाहण्याचं.

"फळी खाली झाल्याबिगर मी कधी डबा नाई उघडला," ते सांगतात. "सीता चिडे. भात सुकून जाये."

सीताबाई म्हणजे त्यांची बायको. निवृत्तीनंतर दोघं गावी आले आणि दुसऱ्याच वर्षी ती गेली. मुलगा हैदराबादला असतो. सणासुदीला त्याचा फोन येतो, एवढं मला माहीत आहे. पत्र कधी आलेलं नाही.

वस्तू कोणाची हे ओळखण्यात डोमाजींचा हात कोणी धरू शकत नाही. दातांनी चावलेलं लाल पेन शाळेच्या बाईंचं. गाठ उलटी मारलेली पिशवी किराणा दुकानदाराची. औषधाची पट्टी कात्रीने कापलेली असेल तर ती तलाठ्यांच्या सासऱ्यांची, कारण बाकीचं गाव हातानेच फाडतं. सरपंचांना त्यांचा निवडणुकीचा कापडी फलक परत केला तो इस्त्री करून. घडी नेमकी सरपंचांच्या नाकावर पडली होती, त्याबद्दल डोमाजींनी माफीही मागितली.

दारात आलेल्या माणसाला चहा विचारावाच लागतो. डोमाजी ओट्यावर टेकत, अर्धा कप चहा घेत आणि ठरलेले तीन प्रश्न विचारत. गुडघा कसा हाय? पोरीचा फोन आला का? धान कसा हाय? उत्तरं लक्ष देऊन ऐकत आणि पुढच्या घरी जात. दिवसाला सात-आठ घरं, सात-आठ अर्धे कप. मी बायकोला म्हटलंही होतं की हा माणूस हे सगळं चहासाठी करतो. ती म्हणाली, "करू द्या ना. तुमी त चहासाठी काहीच नाई करत."

त्यांच्याकडे एक पांढरी ताटली होती, इनॅमलची, काठाला टवके उडालेली. तिला तीन भोकं पाडून त्यांनी दोरी बांधली होती आणि दोरीला हाताहातावर गाठी मारल्या होत्या. रोज सकाळी पाळीवरून ती ताटली पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की थांबायचं आणि किती गाठी पाण्यात गेल्या ते मोजायचं. मग पंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहायचं, आज दीड गाठ. चावडीवर बसलेली मंडळी ते क्रिकेटच्या धावांसारखं वाचत.

"माह्या लहानपनी पाच गाठी दिसे," ते म्हणत. "पाच गाठी करून दाखवतो जी. मंग माही सुट्टी."

त्यासाठी त्यांनी रविवारची पाळी सुरू केली. तलावाच्या काठाने बेशरमाची झुडपं माजली होती. ही वनस्पती नावाप्रमाणेच वागते, कितीही उपटा, पुन्हा हसत उभी. शिवाय विसर्जनाचे सांगाडे, पोती, प्लॅस्टिक. पहिल्या रविवारी तिघं आले: डोमाजी स्वतः, शाळेच्या बाई आणि ट्यूबच्या प्रकरणानंतर बायकोने ढकललेला मी. हळूहळू वीस-एक माणसं येऊ लागली. डोमाजींनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येकासाठी नंबरचे बिल्ले केले. पाण्यात उतरण्याआधी बिल्ला काठावरच्या जांभळीखालच्या फळीवर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यात हा थाट कशाला, असं सगळ्यांनाच वाटे. पण डोमाजींशी वाद घालण्यापेक्षा बिल्ला अडकवणं सोपं होतं.

माझा नंबर अकरा.

एका रविवारी दहाच्या सुमाराला मला भूक लागली. घरी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, होणार होती हे मला माहीत होतं. मी पलीकडच्या काठाने बाहेर पडलो आणि धानाच्या बांधीबांधीने घरी गेलो. वडी खाल्ली आणि जरा आडवा झालो.

नंतर कळलं ते असं. अकरा वाजता सगळे बाहेर आले तेव्हा फळीवर एकच बिल्ला लटकत होता. अकरा नंबर. डोमाजींनी कोणाला घरी जाऊ दिलं नाही. सगळ्यांना हातात हात धरायला लावले आणि साखळी करून तलावात पुन्हा उतरवलं. सरपंचांसकट सगळे माझं प्रेत पायाने चाचपत होते. डोमाजी सगळ्यांत पुढे, गळ्यापर्यंत पाण्यात. कपडे धुवायला गेलेली एक बाई धावत आमच्या घरी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "माय वो, डाकबाबू बुडाले म्हनते!"

"बुडाले?" बायको म्हणाली. "ते त घोरून राहिले."

अर्ध्या तासाने डोमाजी दारात आले. मिशीत गाळ, अंगावरून पाणी निथळतंय. मी तयारीत होतो, शिव्या खाण्याच्या. त्यांनी दोन्ही हातांनी अकरा नंबरचा बिल्ला पुढे केला. "जमा करून घ्या जी," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. मला लाज वाटली, हे मी मान्य करतो. सांबारवडी चांगली झाली होती, हेही खरं.

ताटली पुढच्या पावसाळ्याआधी तीन गाठींवर आली, आणि मग पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे नारबोद निघते. घरोघरी दाराशी उभी केलेली पळसाची डहाळी उचलायची, त्यासोबत वर्षभराची दुखणी-खुपणी नारबोदीच्या हवाली करायची आणि "खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद!" असं ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची. शीव म्हणजे तलावाची पाळ. पूर्वी डहाळीसोबत एखादा मोडका झाडू, फाटकं सूप जाई. आता दुखणी वाढली तसं सामानही वाढलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मच्छरांच्या कॉइलचे डबे, कूलरमधलं कुजलेलं गवत, एका घरातून तर आजारी माणसाची अख्खी गादी. त्या सकाळी हे सगळं पाळीवरून घरंगळत पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, एक गाठ.

डोमाजींनी मग तेच केलं जे ते नेहमी करत. सगळं बाहेर काढलं, धुतलं, वाळवलं आणि घरोघरी पोचवायला निघाले. म्हणजे गावाने वाजतगाजत घालवलेली इडा-पिडा त्यांनी पत्ता शोधून परत आणली.

पहिलं घर सरजाबाईंचं. सरजाबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि गावात कोणता सण कसा करायचा यावर त्यांचा शब्द शेवटचा असतो. डोमाजींनी खोकल्याची रिकामी बाटली पुढे केली तेव्हा त्या अशा किंचाळल्या की शेजारची गाय दावं तोडून पळाली. संध्याकाळपर्यंत त्यांना खरोखर खोकला लागला. तिसऱ्या दिवशी आणखी चार घरांत कोणाचं डोकं, कोणाची कंबर धरली. गाव पेटलं. ज्या ग्रामसभेला कोरम कधी पुरा होत नाही, तिला त्या दिवशी लोक झाडावर बसले होते.

"सालभराचा खोकला मी नारबोदीच्या हवाली केला होता," सरजाबाई खोकत खोकत म्हणाल्या. "ह्या डोम्यानं घरी आनून देल्ला! याले गावात फिरू देऊ नोका."

डोमाजी उठले. टोपी हातात घेतली.

"खोकला म्या नाई आनला, सरजाबाई. खोकला नारबोद घेऊन गेली. शिशी तेवढी नाई नेली तिनं. तिच्या कामाची नसन म्हून ठेवून गेली. वस्तू तुमची, तुमाले जमा केली."

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मंग मले काहून खोकला येऊन राहिला?" सरजाबाईंनी विचारलं.

"शिशीत वास राहिला असन जी. म्हून त म्हनतो, पान्यात नोका टाकू. तेच पानी नळाले येते. तुमचा एकटीचा खोकला सारं गाव पिऊन राहिलं."

सरजाबाईंनी डोळे मिटले. सरपंचांनी मध्ये काही बोलायला तोंड उघडलं, त्यांना सरजाबाईंनी हातानेच गप्प केलं. मग निकाल दिला. पिडा धाडायची, शिशी घरी ठेवायची. आणि नारबोद यापुढे रस्त्यापलीकडच्या पडीक जमिनीत जाईल, तलावाकडे नाही. डोमाजींच्या फिरण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण जाताना त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

शाळेच्या प्रभातफेऱ्यांनी, भाषणांनी आणि त्या पत्र्याच्या फलकाने जे झालं नाही, ते या निकालाने झालं. तलावात टाकलेली वस्तू परत येते आणि येताना पिडा चिकटवून आणते, असा समज गावात पक्का बसला. कोणी साधी पुडी टाकायची हिंमत करेना. लोक खिशात कचरा घेऊन घरी जाऊ लागले. दिवाळी झाली, पाणी निवळलं, आणि एका सकाळी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, पाच गाठी. चावडीवर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी ताटलीबरोबर फोटो काढून घेतला. डोमाजींनी दोरी गुंडाळली आणि घरी गेले.

आठ-दहा दिवसांनी बायको म्हणाली, "डोमाजी भाऊ नाई आले. दूध उरून राहिलं."

मी म्हटलं, बरं झालं, सुटलो. पण ती रोज तेच म्हणू लागली तेव्हा मी त्यांच्या पेन्शनच्या एका कागदाचं निमित्त करून गेलो. डोमाजी ओट्यावर तलावाकडे तोंड करून बसले होते. समोर ताटली पालथी. मी कागद दिला, जाता जाता म्हटलं, "चहाला या ना. बरेच दिवस झाले."

"काय घेऊन येऊ जी?"

"काय म्हणजे? नुसते या."

"नुसतं कसं येऊ?" ते म्हणाले. "रिकाम्या हातानं कोनाच्या दारात उभं राहनं मले नाई जमत, डाकबाबू. पयल्यापासूनच नाई जमत. सीता होती त मी तिच्या मांगं मांगं जाओ. ते बोले, मी बसो. ते गेल्यावर दोन महिने मी कोनाशी बोललोच नाई. मंग एक रोज तलावात शाळेच्या बाईचं पेन सापडलं. देयाले गेलो. बाई म्हने, बसा, चहा घ्या." त्यांनी पालथी ताटली उताणी केली. "आता सारं जमा झालं जी. पाच गाठी झाल्या. कोनाच्या घरी काय सांगून जाऊ?"

मग त्यांनी एकेका घराचं विचारलं. तलाठ्यांच्या सासऱ्यांची साखर किती आहे? दुकानदाराच्या सुनेला दिवस गेले होते, तिचं काय झालं? सरजाबाईंचा खोकला थांबला का? मी रोज त्या दारांवरून सायकल नेतो. मला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. परत येताना वाईट वाटलं, आणि झोळीत त्या दिवशी तीन सरकारी लिफाफे आहेत याचा उगीच आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जुन्या चपला घेऊन तलावावर गेलो. पाण्यात टाकायच्या असं ठरवलं होतं. पण पाणी इतकं स्वच्छ होतं की हात धजेना. शिवाय चपला अगदीच टाकाऊ नव्हत्या, अंगठा शिवला तर वर्षभर चालल्या असत्या. मी त्या काठावर जांभळीखाली ठेवल्या आणि सायकलवर बसून निघून आलो.

पुढच्या सकाळी आठ वाजता डोमाजी दारात. चपला धुतलेल्या, वाळलेल्या, अंगठाही शिवलेला. "जमा करून घ्या जी." बायकोने चहा टाकला, त्या दिवशी पूर्ण कप. डोमाजी ओट्यावर टेकले. गुडघ्याचं विचारून झालं, मुलीच्या फोनचं झालं, धानाचं झालं. कप खाली ठेवून ते उठले आणि हळूच म्हणाले,

"डाकबाबू, फेकनारा मानूस चपलांची जोडी नाई लावत. सावलीत बी नाई ठेवत."

मी चपला उचलून दाराआड ठेवल्या.

"उद्या मले मोहाडीले बाजारात जायचं हाय," ते टोपी घालत म्हणाले. "दुसरी वस्तू परवा ठेवजा."

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला चहाच्या पत्तीचा रिकामा डबा दिला. मी तो घेऊन पाळीवर गेलो, तर जांभळीखाली माझ्या आधीच काहीतरी ठेवलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं. सरजाबाईंची खोकल्याच्या औषधाची बाटली. रिकामी, धुतलेली, बूच घट्ट लावून.

मी माझा डबा तिथून बराच लांब नेऊन ठेवला. म्हणजे डोमाजींना दोन खेपा पडतील, दोन चहा होतील.